वनांची मोजणी आणि आकाशातील डोळा

१९७२ साली भारताच्या वनांच्या इतिहासात दोन गोष्टी घडल्या. त्या दोहोंचा एकमेकींशी पुढे कधी संबंध येईल असे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे. २३ जुलै रोजी अमेरिकेने पृथ्वीची पाहणी करणारा एक उपग्रह आकाशात सोडला. पुढे तो लँडसॅट या नावाने प्रसिद्धीस आला. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून तो पृथ्वीप्रदक्षिणा करी आणि दर अठरा दिवसांनी त्याच भूप्रदेशावर पुन्हा येई. त्यानंतर सात आठवड्यांनी, ९ सप्टेंबर रोजी, आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये कशी जाहीर करावयाची, त्यांच्या हद्दी कशा ठरवावयाच्या आणि त्या हद्दींच्या आत कोणी काय करू नये, हे त्या कायद्याने सबंध देशासाठी एकसूत्रीपणे सांगितले. पुढल्याच वर्षी, १ एप्रिल १९७३ रोजी, व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत विदर्भातील मेळघाट होते आणि आसामातील मानसही होते.

कायद्याने हद्द आखली. त्या हद्दीच्या आतील अरण्य खरोखरच उभे आहे किंवा नाही हे पाहण्याचे साधन मात्र त्याच सुमारास, दुसऱ्याच एका देशात, दुसऱ्याच हेतूने निर्माण झाले होते. या दोहोंची गाठ पडण्यास बरीच वर्षे लागली, आणि ती पडली तेव्हा तिने कित्येकांची झोप उडविली.

तत्पूर्वी या देशात वनांची मोजदाद होत नव्हती असे मात्र नाही. १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाच्या हाताखाली वनखाते स्थापन झाले, १८७८ च्या कायद्याने राखीव वने वेगळी काढली, जागोजाग दगडी मुनारे उभे राहिले, जाळरेषा आखल्या गेल्या. पायी हिंडून, साखळी टाकून केलेली ती मापे पुष्कळ ठिकाणी आजही आदर्श वाटावीत इतकी नेटकी आहेत. तथापि त्या मोजणीत एक गोम होती. दप्तरातील वनक्षेत्र म्हणजे कायद्याने वन ठरलेल्या जमिनीचे क्षेत्रफळ. तिच्यावर झाड आहे, झुडूप आहे, की नुसता उजाड माळ आहे, हा प्रश्न त्या रकान्यात बसत नसे. हिमालयातील बर्फाच्छादित शिखरेही त्यात ‘वन’ म्हणून मांडलेली असत. स्वातंत्र्यानंतरही, या हिशेबाने, देशात सुमारे साडेसात कोटी हेक्टर वन होते. भूमीच्या जवळजवळ २३ टक्के. १९५२ च्या वननीतीने एक तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे ध्येय ठरविले होते, आणि कागदावर तरी आपण त्यापासून फार दूर नव्हतो. सरकारी दप्तरात एकदा नोंदलेली जमीन सहसा आपली जात बदलत नाही, हे ज्यांनी महसुलाची किंवा वनांची जुनी कागदपत्रे चाळली आहेत त्यांना सांगावयास नको.

वरून पाहण्याची कल्पनाही अगदीच नवी नव्हती. १९२४ साली, ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्या अंमलाखाली असताना, इरावती नदीच्या मुखाजवळील दलदलीच्या वनांची विमानातून छायाचित्रे घेण्यात आली. जेथे पाय ठेवणे दुरापास्त तेथे हा मार्ग बरा, एवढाच त्यातील व्यावहारिक विचार होता. स्वतंत्र भारतात १९६५ साली वनसंपत्तीच्या पाहणीचे एक मोठे काम आंतरराष्ट्रीय साहाय्याने सुरू झाले, आणि १९६६ साली डेहराडून येथे विमानातून घेतलेली छायाचित्रे वाचण्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. परंतु विमान, त्याचे इंधन, त्यास लागणारी संरक्षण खात्याची परवानगी आणि शेकडो छायाचित्रे एकास एक जोडण्याची यातायात यांमुळे सबंध देशाचे चित्र एकाच वेळी पाहणे अशक्यप्राय होते.

या नव्या विद्येचा आपल्याकडील आरंभ झाला तो अरण्यात नव्हे, तर नारळाच्या बागेत. केरळात नारळीची झाडे मुळांच्या रोगाने कोमेजत होती. १९७० च्या सुमारास प्राध्यापक पिषारोटी यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरणांस संवेदनशील अशा फिल्मवर त्या बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते, परंतु डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवून देते. पान रोगट झाले, वाळले किंवा विरळ झाले म्हणजे हे परतविणे बदलते, आणि कित्येकदा डोळ्यांना पिवळेपणा दिसण्यापूर्वीच बदलते. लँडसॅटवरील यंत्र हीच युक्ती आकाशातून करीत होते. त्याने पाठविलेल्या मापांवरून जे चित्र छापीत, त्यात अवरक्त किरणांना तांबडा रंग देण्याचा प्रघात पडला. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात गर्द अरण्य हिरवे नव्हे, तर लालभडक दिसते. पाणी काळसर दिसते, उघडी जमीन निळसर वा करडी. वन विरळ होत गेले की तो लाल रंग फिका पडत जातो आणि त्यात करड्या चट्ट्यांची खिचडी दिसू लागते. ज्या अधिकाऱ्यांनी जन्मभर हिरवे अरण्य पाहिले होते त्यांना ही लाल चित्रे प्रथमतः विचित्र वाटली असल्यास नवल नाही.

१९७४ साली हैदराबाद येथे राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था स्थापन झाली आणि १९७९ पासून त्या शहराजवळ शादनगर येथे लँडसॅटचे संदेश थेट उतरवून घेण्याची सोय झाली. या संस्थेने जे काम हाती घेतले त्याचे महत्त्व आज मागे वळून पाहताना अधिक जाणवते. १९७२ ते ७५ या काळातील चित्रे एकीकडे व १९८० ते ८२ या काळातील चित्रे दुसरीकडे, अशी मांडून तिने सबंध भारताच्या वनाच्छादनाचे दोन नकाशे तयार केले. पहिल्या नकाशात वनाखाली ५ कोटी ५५ लक्ष हेक्टर भूमी निघाली, म्हणजे १६.८९ टक्के. दुसऱ्यात ४ कोटी ६३ लक्ष हेक्टर, म्हणजे १४.१० टक्के. दप्तरातील २३ टक्क्यांपैकी एवढेच. त्याहून गंभीर म्हणजे सात वर्षांत सुमारे ९२ लक्ष हेक्टर वन नाहीसे झाले होते. दरवर्षी सरासरी १३ लक्ष हेक्टर. धरणे, रस्ते, वसाहती व शेती यांसाठी रीतसर दिलेल्या वनजमिनींचा हिशेब तोवर वर्षाला सुमारे दीड लक्ष हेक्टर इतका सांगितला जात असे.

या आकड्यांच्या पोटात आणखी एक आकडा दडलेला होता, व त्याकडे लोकांचे लक्ष कमी गेले. दाट वन १४.१२ टक्क्यांवरून १०.९६ टक्क्यांवर आले होते. उलट विरळ व निकृष्ट वन २.६७ वरून ३.०६ टक्क्यांवर गेले होते. अरण्य जाते ते नेहमी कुऱ्हाडीच्या एका घावासरशी जात नाही. प्रथम सरपणासाठी फांद्या तुटतात, मग गुरे नवे रोप वर येऊ देत नाहीत, मग वणवा लागतो, आणि काही वर्षांनी जे उरते त्यास वन म्हणावे की माळ, असा प्रश्न पडतो. दाट वनाचे विरळ वन होणे ही या प्रवासातील मधली पायरी होय, आणि सबंध देशाच्या मापाने ती प्रथमच आकड्यांत उतरली होती.

आकडे प्रसिद्ध होताच वादळ उठले. ५ जानेवारी १९८५ रोजी नभोवाणीवरून राष्ट्रास उद्देशून केलेल्या भाषणात पंतप्रधान राजीव गांधी यांनी वनांच्या ऱ्हासाचा उल्लेख करून पडीक भूमी विकास मंडळाची घोषणा केली आणि दरवर्षी ५० लक्ष हेक्टरांवर सरपणाची व चाऱ्याची लागवड करण्याचे ध्येय मांडले. तिकडे वनखात्यास हे आकडे मान्य नव्हते. १९८१ च्या जूनमध्ये डेहराडून येथे भारतीय वन सर्वेक्षण ही स्वतंत्र संस्था निघाली होती. तिने तशाच उपग्रहचित्रांवरून आपली मोजणी केली. दोन्ही संस्थांच्या तज्ज्ञांनी नकाशे समोरासमोर ठेवून चर्चा केली, आणि १९८७ च्या पहिल्या वनस्थिती अहवालात १९८१–८३ च्या चित्रांवरून देशातील वनाच्छादन सुमारे साडेएकोणीस टक्के असल्याचे नमूद झाले. १४ टक्क्यांचे साडेएकोणीस कसे झाले, याचे कोणी राजकीय उत्तर दिले, कोणी उपरोधिक. खरे उत्तर बरेचसे नीरस आहे. विरळ झाडीची रेषा कोठे ओढावयाची, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. दोन झाडांमध्ये किती आकाश दिसले म्हणजे ते वन राहत नाही, हे उपग्रह सांगत नाही. ते माणसास ठरवावे लागते. या तडजोडीत सात वर्षांची तुलना मात्र बुडाली. नवा साडेएकोणीस टक्क्यांचा आकडा १९७२–७५ च्या जुन्या आकड्याशेजारी मांडला असता तर मधल्या काळात वने वाढली असे म्हणावे लागले असते, आणि ते कोणासही पटण्यासारखे नव्हते.

मापाचीही एक मर्यादा होती. पहिल्या अहवालाचे नकाशे दहा लक्षास एक या प्रमाणाचे होते, म्हणजे कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे भूमीवरील एक किलोमीटर. दोन मिलिमीटर लांबरुंद ठिपक्याहून लहान आकार हाताने रेखाटणे कठीण. तेव्हा ४०० हेक्टरांहून लहान वनखंड किंवा वनातील तेवढी उघडी जागा नकाशात येतच नसे. एखाद्या लहान अभयारण्याचा मोठा भाग तुटला तरी तो त्या ठिपक्यात मावून जावा! पुढे प्रमाण अडीच लक्षास एक झाले आणि ही मर्यादा २५ हेक्टरांवर आली. २००१ च्या अहवालापासून संगणकाच्या साहाय्याने पन्नास हजारास एक या प्रमाणावर मोजणी होऊ लागली आणि एक हेक्टराचा तुकडाही दिसू लागला. १९९७ साली १९.२७ टक्के असलेले वनाच्छादन २००१ साली २०.५५ टक्के झाले, त्यात नवे वन किती व नवे भिंग किती, हे वाचकाने सावधपणे पाहिले पाहिजे. शिवाय एक हेक्टराहून मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असलेली कोणतीही जमीन, मग ती नारळीची बाग असो वा रबराचा मळा, या मोजणीत वनाच्छादन म्हणून धरली जाते. २०२३ च्या अहवालातील २१.७६ टक्के हा आकडाही याच व्याख्येचा आहे.

राष्ट्रीय आकड्यांचा हा घोळ चालू असताना संरक्षित क्षेत्रांच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट घडत होती. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, रशियातील वाहकाच्या साहाय्याने बैकानूर येथून आकाशात गेला. लँडसॅटच्या पहिल्या यंत्रास भूमीवरील सुमारे ८० मीटरांचा चौकोन हा एकच ठिपका दिसे. आपल्या उपग्रहाच्या दुसऱ्या कॅमेऱ्यास ३६ मीटरांचा दिसू लागला, आणि १९९५ च्या अखेरीस गेलेल्या आयआरएस-१सी ने तो साडेतेवीस मीटरांवर आणला. आता एकेका अभयारण्याची, एकेका वनकक्षाची वर्षावर्षांची तुलना शक्य झाली. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील सुमारे ४० हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचा असा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. १९७३ ते १९९५ या बावीस वर्षांत तेथील वनाच्छादनाचा चौथा हिस्सा गेल्याचे त्यात दिसून आले.

परंतु आकाशातील या डोळ्याची खरी कसोटी लागली ती आसामात. भूतानच्या पायथ्याशी असलेले मानस १९८५ साली जागतिक वारसा ठरले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या प्रदेशात स्वतंत्र राज्याच्या मागणीचे आंदोलन चिघळले. वनखात्याच्या चौक्या ओस पडल्या, वनरक्षकांना आत जाणे अशक्य झाले, आणि १९९२ साली त्या स्थळाचे नाव धोक्यात आलेल्या वारशांच्या यादीत गेले. ते त्या यादीतून बाहेर पडले ते २०११ साली. ज्या अरण्यात खात्याचा माणूस पाऊल ठेवू शकत नाही त्याचे काय चालले आहे हे कळावयाचे तर वरूनच कळावयाचे, ही इरावतीच्या दलदलीतील जुनी अडचण निराळ्या कारणाने पुन्हा उभी राहिली होती.

मानसच्या पूर्वेस, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर, सोनितपूर जिल्हा आहे. अरुणाचलाच्या डोंगरांच्या कुशीत तेथे राखीव वनांची सलग पट्टी होती. सोनाई-रुपाई अभयारण्य व नामेरी राष्ट्रीय उद्यान तिचेच भाग होत. हा हत्तींचा परंपरागत मार्ग. डेहराडूनच्या शास्त्रज्ञांनी १९९४, १९९९ व २००१ या तीन वर्षांची चित्रे शेजारी शेजारी मांडली. पहिल्या पाच वर्षांत जिल्ह्यातील सुमारे ८७ चौरस किलोमीटर वन गेले होते. पुढील दोनच वर्षांत सुमारे १४५ चौरस किलोमीटर गेले. लाल रंगाच्या जागी निळसर करड्या रंगाची आयताकृती शेते, त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटा, सारे काही चित्रात स्पष्ट होते. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशातील वनतोडीच्या सर्वाधिक वेगवान उदाहरणांत त्याची गणना झाली.

ती वने तोडली कोणी? उपग्रह याचे उत्तर देत नाही, आणि दप्तरात ‘अतिक्रमक’ हा एकच शब्द असतो. नदीने ज्यांची शेते गिळली ते, जातीय दंगलींत ज्यांची गावे जळली ते, आणि भूमिहीन म्हणून ज्यांना कोणीतरी तेथे आणून बसविले ते, असे नाना प्रकारचे लोक त्या एका शब्दात कोंबलेले आहेत. लाकडाचे व्यापारीही त्यात आहेत, आणि मतांचे व्यापारीही. अरण्य गेल्यावर हत्तींनी आपली वाट सोडली नाही; त्या वाटेवर आता भातशेते आणि झोपड्या होत्या. पुढे जे घडले त्यात हत्ती मेले व माणसेही मेली. नामेरीच्या उत्तर सीमेस लागूनच अरुणाचलातील पाक्के हे व्याघ्र क्षेत्र आहे. २०२१ च्या वनस्थिती अहवालात देशातील व्याघ्र क्षेत्रांत वनाच्छादनाचे सर्वांत अधिक प्रमाण त्याचेच, ९६.८३ टक्के, आढळले. अरण्य एकच, राज्याची हद्द ओलांडून मैदान लागताच त्याचे नशीब पालटले.

त्याच २०२१ च्या अहवालात व्याघ्र क्षेत्रांचा दहा वर्षांचा हिशेब प्रथमच स्वतंत्रपणे मांडला गेला. ५२ क्षेत्रांत मिळून वनाच्छादन अवघे २२.६२ चौरस किलोमीटरांनी कमी झाले होते. वाचून कोणीही निर्धास्त व्हावे. परंतु ही बेरीज-वजाबाकी आहे. बंगालमधील बक्सा क्षेत्रात २३८ चौरस किलोमीटरांहून अधिक वाढ, तर तेलंगणातील कवाल येथे जवळजवळ ११९ चौरस किलोमीटरांची घट, असे जमाखर्च एका ओळीत मांडून ती आली आहे. कवालचा साग बक्साच्या सालाने भरून निघत नाही, हे हिशेबनिसास सांगितले तरी त्याच्या वहीत त्यासाठी रकाना नाही.

आणि जे वृक्षछत्राच्या खाली घडते ते? मेळघाटातील साग चैत्र-वैशाखात निष्पर्ण होतो. त्या महिन्यांचे चित्र घेतले तर अख्खे अरण्य नष्ट झाले असे वाटावे. पावसाळ्यात ढग काही दिसू देत नाहीत. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील चित्रेच मोजणीसाठी घेतात, आणि उरलेल्या नऊ महिन्यांत काय झाले हे त्यांत प्रत्यक्ष दिसत नाही. घाणेरीच्या झुडपांनी खालची सारी भूमी व्यापली आणि नवे रोप उगवेनासे झाले, तरी वरून हिरवळ ती हिरवळच. राजस्थानातील सारिस्का येथे २००४ च्या उत्तरार्धात वाघ दिसेनासे झाले व २००५ साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे निश्चित झाले. शिकाऱ्यांनी ते संपविले होते. अरण्य मात्र जागच्या जागी उभे होते, आणि उपग्रहाच्या चित्रात तेथे काही बिघडल्याची खूणही नव्हती. २००८ साली रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून तेथे पुन्हा सोडावे लागले.

आज लँडसॅटची जुनी-नवी चित्रे कोणासही विनामूल्य मिळतात. २००८ पासून ती खुली आहेत. युरोपच्या नव्या उपग्रहांना दहा मीटरांचा चौकोन दिसतो, आणि एकाच जागेचे चित्र दर काही दिवसांनी मिळते. हजाराहून अधिक संरक्षित क्षेत्रांवर लक्ष ठेवावयाचे तर हे साधन टाकून चालण्यासारखे नाही. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाला दिसलेल्या वणव्यांची वार्ता राज्यांना कळवीत आले आहे, आणि आता ती थेट वनरक्षकाच्या मोबाईलवर येते. मार्च-एप्रिलमध्ये मेळघाटातील एखाद्या बीटच्या रक्षकास असा संदेश मिळतो. त्यात अक्षांश-रेखांश असतात. उष्णतेचा तो ठिपका भूमीवर कित्येकदा ३७५ मीटर लांबरुंद, तर कधी एक किलोमीटरही असतो. रक्षक दोन मजूर बरोबर घेऊन जाळरेषेने निघतो. तेथे पोचेपर्यंत आग विझलेली असते किंवा दुसऱ्या उतारावर गेलेली असते. मोहाच्या एखाद्या झाडाखाली पाचोळा जाळून जागा स्वच्छ केलेली दिसते, त्यावर पहाटे गळालेली फुले पडलेली असतात, आणि जवळच टोपली घेऊन बसलेली कोरकू बाई त्याच्याकडे पाहत असते. नोंदवहीत काय लिहावयाचे, हे तेथे उभे राहून त्याला ठरवावयाचे असते.